तोंडातला साकव

रेवसच्या धक्क्यापासून मुरूडच्या खाडीपर्यंत त्या काळात जेवढी माणसं मोकळेपणी हसली असतील, त्यांतल्या निम्म्यांचं हसणं माझ्या आतोबांनी स्वतःच्या हातांनी घडवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना हसायला ते स्वतः कारण झाले होते. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. अलिबागेत दातांचे डॉक्टर. घराच्या पुढच्या पडवीत दवाखाना, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि मागल्या दारी विहीर, तुळस आणि चार पोफळी. मी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. जेवायला आणि राहायला आत्याकडे आलो तो दोन महिन्यांसाठी, आणि राहिलो नऊ वर्षं. तात्पुरत्या गोष्टी त्या घरात फार टिकत, त्याचा मी पहिला पुरावा.

आतोबा उंच, किडकिडीत, धोतरावर पांढरा कोट घालणारे आणि चष्म्याची एक काडी कायम दोऱ्याने बांधलेली. माणसाला ते चेहऱ्याने ओळखत नसत. रस्त्यात कोणी नमस्कार केला की हे त्याच्याकडे कोऱ्या नजरेने बघत राहायचे, आणि तो ओशाळून हसला की यांचा चेहरा उजळायचा. "अरे, तुम्ही होय! वरची डावी दाढ! कशी आहे?" एकदा आमच्या कचेरीतल्या एका माणसाचं लग्न ठरत होतं. मुलगा कसा आहे म्हणून मुलीचे वडील चौकशीला आले, तर आतोबांनी त्यांना सांगितलं, "उत्तम मुलगा. खालचा एक सुळा किंचित वाकडा आहे, पण मनाने सरळ आहे." लग्न झालं. ती मुलगी अजून नवऱ्याचा सुळा बघून हसते, असं म्हणतात.

पण आतोबांचा खरा जीव होता तो तात्पुरत्या दातात. आता हे जरा समजावून सांगायला हवं, कारण मला स्वतःला ते समजायला एक दाढ द्यावी लागली. दात पडला किंवा मोडला की डॉक्टर शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने नवा दात बसवतो. मुंबईला माप पाठवायचं, तिथून पक्का दात घडून यायला तीन आठवडे लागायचे. तोवर ती घासलेली जागा उघडी ठेवता येत नाही, म्हणून त्यावर एक कामचलाऊ दात घालायचा. त्या पक्क्या कामाला आतोबा 'पूल' म्हणायचे आणि कामचलाऊला 'साकव'. आमच्याकडे ओहोळावर पोफळीचं खोड आडवं टाकून साकव करतात. पुढच्या पावसात वाहून गेला तरी कोणी रडत नाही. इतर डॉक्टरही साकवाकडे त्याच नजरेने बघत. ॲल्युमिनियमची टोपी चढवली, पाठवला माणूस घरी. आतोबांना याचा विलक्षण संताप होता. "पूल झाला की माणूस दात विसरतो रे बापू," ते मला म्हणायचे. "पण मधले तीन आठवडे तो जीभ लावून लावून जगतो. बायकोशी बोलताना हात तोंडावर. फोटोत तोंड मिटलेलं. त्या तीन आठवड्यांचा डॉक्टर कोण?" आणि मग स्वतःच छातीवर बोट ठेवायचे, जसं काही मी दुसऱ्या कोणाचं नाव सुचवणार होतो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर मुंबईत नवनवीन माल यायला लागला होता. एक भुकटी, एक बाटलीतलं पाणी. दोन्ही कालवली की घट्ट होऊन दाताच्या रंगाचा दात तयार. दर काही महिन्यांनी नवी भुकटी, आधीचीपेक्षा सरस असल्याचा छापील कागद तिच्यासोबत. आतोबांचा छापील कागदावर काडीचा विश्वास नव्हता. "हा कागद लिहिणाऱ्याने कधी वालाचं बिरडं खाल्लंय का?" असं विचारून ते कागदाचा बोळा करायचे आणि मालाची परीक्षा स्वतः घ्यायचे. त्यासाठी एक लांबट जाड वही होती. तिच्यात शाळेच्या निकालपत्रासारखे रकाने आखलेले: चहा, आमसूल, विडा, हळद, वाल, सोडे. प्रत्येक नव्या मालाचे सहा दात करायचे आणि सहा बरण्यांत भिजत घालायचे. या बरण्या दवाखान्यात ठेवल्या तर रोगी घाबरतात, म्हणून त्या स्वयंपाकघराच्या फळीवर. शेवटी निकाल: पास किंवा नापास. नापास असून वर ढकलला, असा माल कधीच नव्हता.

या बरण्यांनी माझी बढती तीन वर्षं लांबवली, हे मी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या कचेरीतले साहेब जेवायला आले होते. मीच मोठ्या तोऱ्यात बोलावलं होतं. आत्याने सोड्याची खिचडी केली होती आणि घाईत फळीवरच्या बरणीतलं आमसुलाचं आगळ घेऊन सोलकढी. साहेबांनी वाटी तोंडाला लावली, थांबले, आणि दोन बोटांनी तोंडातून एक दात बाहेर काढला. आधी त्यांनी जिभेने स्वतःचे दात चाचपले. मग माझ्याकडे बघितलं. मी पाटाखाली जायच्या तयारीत होतो. एवढ्यात आतोबा ताटावरून उठले, तो दात साहेबांच्या हातातून घेतला, उजेडात धरला आणि आनंदाने ओरडले, "अकरा दिवस! अकरा दिवस आगळात, आणि रंग बघा, जसाच्या तसा! साहेब, तुमच्यासमोर पास झाला हा!" आत्या पदर तोंडावर दाबून आत पळाली. साहेबांनी त्यानंतर पाणीसुद्धा आधी फिरवून बघितलं.

मालाच्या खरेदीला आतोबा महिन्यातून एकदा रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचे. येताना बाटली मांडीवर, बाळंतिणीने तान्हं धरावं तशी. त्या पाण्याला रॉकेल आणि पिकलेला फणस एकत्र कोंडल्यासारखा वास यायचा. आणि दिवस दारूबंदीचे. एकदा रेवसच्या धक्क्यावर उतरतो तर शिपायाने अडवलं. मी बरोबर होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

"काय हाय बाटलीत?"

"दात," आतोबा म्हणाले.

"बाटलीत दात?"

"अजून झालेला नाही. होईल."

शिपायाने बूच काढून वास घेतला आणि दोन पावलं मागे सरला. "ह्ये काय दात न्हाय. चला चौकीवर."

दुसरा कोणी असता तर ओळखीपाळखी सांगितल्या असत्या. आतोबांनी तिथेच धक्क्यावर पिशवी उघडली, काचेच्या वाटीत भुकटी ओतली, वर पाणी घातलं, कालवलं, आणि लाँच सुटायची थांबवून पन्नास माणसं बघत असताना एक सुबक दाढ करून शिपायाच्या तळहातावर ठेवली. ती घट्ट होताना कढत होते. शिपाई "आयो!" करून नाचला. "बघा," आतोबा म्हणाले, "हाच या मालाचा दोष. तापतो. म्हणून मी याला नापास करणार आहे." तो शिपाई पुढे आतोबांचा रोगी झाला. ती दाढ त्याने खिशात ठेवली होती, नशीब लागतं म्हणून.

त्या तापण्याचा अनुभव मलाही आहे. माझी एक दाढ किडली, तर आतोबांना लॉटरी लागल्यासारखं झालं. साकव तोंडात घट्ट होत असताना ते मला म्हणाले, "गरम लागलं की डावा हात वर कर. फार गरम लागलं की उजवा. दोन्ही वर केलेस तर मी तुला भित्रा समजेन." मी दोन्ही पायही वर केले. वहीत माझ्या नावापुढे लिहिलं आहे: 'तापमान: सुसह्य. रोगी: नाटकी.'

रोग्यांच्या बोलण्यातून वहीत नवे रकाने पडत. थळची एक कोळीण पुढचा साकव बसवून गेली आणि चौथ्या दिवशी पदरात दात घेऊन परत आली. "डाक्तर, तुमचा साकव बोंबलाला चालतो, पन भांडनाला न्हाय चालत! मी बाजारात बाजूवालीला 'मेले' बोल्ली आनि दात जाऊन पडला तिच्या पाटीत. आता ती बोलते, माज्या पाटीत पडला तो माजा!" आतोबा हसले नाहीत. गंभीरपणे वही काढली, पट्टीने रेघ मारली आणि नवा रकाना घातला: 'भांडण'. तेव्हापासून साकव बसवला की ते रोग्याला म्हणायचे, "आता मला चार शिव्या द्या." सभ्य रोगी अवघडून जायचे. आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या मास्तरांनी कशीबशी एकच दिली, तीही संस्कृतात.

रोगी गावाला गेला तरी सुटका नव्हती. पोस्टकार्डावर दाताची खुशाली कळवायची, असा शिरस्ता. रेवदंड्याचे एक बेने इस्रायली मास्तर होते, म्हणजे कोकणातले ज्यू, घरात मराठी बोलणारे, आमच्यासारखेच वालावर जीव टाकणारे. ते कुटुंबासह कायमचे परदेशी निघाले तेव्हा पूल घडून यायला वेळ नव्हता, म्हणून आतोबांनी साकवावर रवानगी केली. दीड वर्षाने तिकडून पत्र आलं. वर शुद्ध मराठीत पहिली ओळ: 'दात शाबूत.' मग खाली, 'आम्हीही बरे आहोत.' आतोबांनी ते पत्र वहीत डकवलं. तेव्हापासून 'शाबूत' हा त्यांच्या वहीतला सगळ्यात मोठा शब्द झाला. पास हा परीक्षेचा निकाल, शाबूत हा आयुष्याचा.

आता आत्याचं सांगायला हवं, कारण ही सगळी वही मुळात तिच्यासाठी सुरू झाली होती, हे मला फार उशिरा कळलं.

आत्याचा गळा साऱ्या अलिबागेत माहीत होता. कोणाच्याही घरचं लग्न असो, मंगलाष्टकं आत्याची. स्वतः रचायची, स्वतः म्हणायची, आणि शेवटच्या कडव्याला मांडवातल्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. मी येण्याच्या आदल्या वर्षी ती अशाच एका लग्नाला मुंबईला जायला निघाली असताना रेवसला लाँचच्या फळीवरून पाय घसरला आणि वरचा पुढचा दात कठड्यावर आपटून गेला. तशाच सुजल्या ओठाने ती गेली आणि महिन्याभराने दुसऱ्या एका लग्नात म्हणायला उभी राहिली. पण फटीतून वारा सुटायचा. प्रत्येक 'स' ला शीळ वाजली. पहिल्या रांगेतली पोरं हसली, मग मोठीही हसली. आत्याने दुसऱ्या कडव्यावर थांबून पदर तोंडाला लावला, तो मग लावलेलाच राहिला. हसायची तेव्हा पदर, बोलायची तेव्हा पदर. मंगलाष्टकांचं नाव काढलं की म्हणायची, "आता नव्या पोरींनी म्हणावीत."

आतोबांनी तिला पूल घालायचा चंग बांधला, पण साकव पास झाल्याशिवाय पुलाचं माप मुंबईला पाठवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आधी साकव केला, पहिल्या भुकटीचा. शीळ बंद झाली, पण महिन्याभरात दात हळदीने पिवळा झाला आणि कडेला आमसुलाची लाल किनार आली. आतोबांनी तो काढला आणि वहीत लिहिलं: 'नापास. रंग.' आत्याला म्हणाले, "टाकून दे." मग दुसरा, मग तिसरा. कधी भुकटी तापे, कधी दात झिजे, कधी चव कडू. दर वेळी बसवून झाला की आतोबा तिच्यासमोर स्टुलावर बसून तोंडी परीक्षा घ्यायचे.

"म्हण. साखर."

"साखर."

"सुपारी."

"सुपारी."

"सासूबाई."

"सासूबाई," आत्या इतकं खणखणीत म्हणायची की वरच्या फोटोतल्या सासूबाई दचकाव्यात.

"याला पास करायला हरकत नाही," आतोबा म्हणायचे. पण म्हणून ती गायची नाही. पदर खाली यायचा नाही. आणि तो खाली आला नाही की आतोबा वहीत नापास लिहून पुढच्या महिन्याच्या लाँचला निघायचे.

अशात बेबीचं लग्न ठरलं. बेबी म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, बापासारखी किडकिडीत आणि आईसारखी हट्टी. तिने साखरपुड्यालाच जाहीर केलं, "मंगलाष्टकं आई म्हणणार. आई म्हणणार नसेल तर कोणीच म्हणू नका. नुसत्या अक्षता टाका आणि जेवायला बसा." आत्या म्हणाली, "वेडी आहेस का? विहीणबाईंसमोर शीळ घालू?" बेबी रडली, आत्या रडली, आणि आतोबा उठून दवाखान्यात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न होता. आत्या म्हणणार की नाही.

आमच्याकडे रीत अशी, की मंगलाष्टकं चालू असताना वधूच्या आईने मांडवात थांबायचं नाही. मागल्या दारी तुळशीला पाणी घालत बसायचं. आतोबांना यातच आशा दिसली. "कोणी तुझं तोंड बघणार नाही. मांडव पुढे, तू मागे. नुसता आवाज जायला हवा. आणि तो मी पाठवणार!" शेवटचे चार शब्द त्यांनी अशा खात्रीने म्हटले, की आत्याने पहिल्यांदा "बघू" म्हटलं. आणि वैशाखापर्यंत आठ कडवी रचून काढली.

लग्नासाठी म्हणून अखेर माप पाठवलं आणि पूल मुंबईहून घडून आला, निळ्या मखमलीच्या डबीत. पण हिरडी किंचित सुजली होती, आणि सुजलेल्या हिरडीवर पूल बांधायचा नाही हा आतोबांचा नेम. "तीन आठवडे साकव. लग्न झालं की पूल." साकवासाठी त्यांनी अगदी ताजी भुकटी आणली होती. वास नाही, तापत नाही, रंग शेजारच्या दाताशी असा जुळणारा की मला सांगता येईना नवा कोणता. वहीत सगळ्या रकान्यांत पास. चहा, आमसूल, विडा, हळद, वाल, सोडे, भांडणसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा आतोबांनी 'उत्तम' हा शब्द लिहिला आणि मला दोनदा दाखवला. हिरडीला आराम पडावा म्हणून तो दात त्यांनी लवंगेच्या तेलाच्या लुकणाने, म्हणजे तात्पुरत्या सिमेंटाने, बसवला. लवंगेचं तेल हे त्या घराचं अत्तर होतं. दाढ दुखो, कान दुखो, आतोबांचं औषध तेच. त्यांच्या धोतराला, वहीला, पगाराच्या दिवशी माझ्या हातात ठेवलेल्या पेढ्यालाही तोच वास.

लग्नाच्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी फुटायला आलं होतं. मुहूर्ताला तासभर. आत्या पैठणी नेसून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हळू आवाजात कडवी घोळवत होती. मी अक्षतांचं ताट न्यायला गेलो आणि तिने माझा हात धरला. तिच्या तळव्यावर तो दात होता. तोच, वहीतला 'उत्तम'. नखाने दाबला तर चरा उठत होता, भिजवलेल्या बदामासारखा.

आतोबांना बोलावलं. त्यांनी तो दात घेतला, उजेडात धरला, नाकाशी नेला, आणि बाजूच्या पाटावर बसले. "लवंग," ते म्हणाले. दात पुन्हा नखाने दाबून बघितला. मग म्हणाले, "बापू, मी याला या घरातल्या सगळ्या पदार्थांत भिजवला रे. लवंगेच्या तेलात नाही भिजवला. ते माझंच आहे म्हणून त्याची परीक्षाच घेतली नाही."

"दुसरा करा ना," मी म्हटलं.

"बाटली संपली. उरलेलं पाणी उडून गेलं." त्यांनी उठायचा प्रयत्न केला. ज्या हातांनी त्यांनी रेवसच्या धक्क्यावर उभ्याउभ्या दाढ घडवली होती, ते हात नुसता चष्म्याचा दोरा सोडत आणि बांधत राहिले. बाहेर गुरुजी हाका मारत होते. आत्याने पदर तोंडाला लावला, आणि मी मनात म्हटलं, संपलं. बेबीच्या लग्नात नुसत्या अक्षता पडणार.

पण आत्या रडत नव्हती. ती मसाल्याच्या फळीकडे गेली, अगदी मागे हात घालून एक पितळी डबी काढली आणि आतोबांच्या पुढ्यात उघडली. आत तो पहिला साकव. हळदीसारखा पिवळा, कडेला आमसुलाची लाल किनार.

"हा टाकायला सांगितला होता ना मी?" आतोबा म्हणाले.

"तुम्ही टाकायला सांगितलेलं सगळं टाकलं असतं, तर या घरात तुम्हीसुद्धा उरला नसता. बसवा."

"अगं, हा नापास आहे. रंग बघ."

"तुळशीला रंग कळत नाही. बसवा म्हणते ना!"

त्यांनी बसवला. साध्या सिमेंटाने, बिनलवंगेच्या. दाराच्या चौकटीत जुनी कडी बसावी तसा तो दात जागेवर गेला. आतोबा स्टुलाऐवजी पाटावर, आत्या पैठणीत त्यांच्यासमोर. "म्हण," ते म्हणाले. त्यांना शब्द आठवेना. आत्याच म्हणाली, "साखर. सुपारी. सासूबाई," आणि तांब्या उचलून मागल्या दाराकडे चालू लागली.

माझ्यावर काम एवढंच होतं, की माजघराच्या दारात उभं राहायचं आणि गुरुजी तयार झाले की आत्याकडे रुमाल हलवायचा. मी तेही धड केलं नाही. नाकावर माशी बसली म्हणून मी रुमाल झटकला, आणि आत्याने सुरुवात केली. अंतरपाट अजून घडीत होता. गुरुजी गडबडले, बेबीच्या मामांनी म्हणजे माझ्या वडिलांनी तिला अक्षरशः उचलून जागेवर उभी केली, नवरामुलगा मुंडावळ्या सावरत धावला. पण आवाज लागला होता. मागच्या विहिरीपाशी सुरू होऊन तो सगळं घर ओलांडून पुढच्या मांडवात आला, आणि मांडव गप्प झाला.

सगळे बेबीकडे बघत होते. मी आतोबांकडे बघत होतो. ते डोळे मिटून, मान खाली घालून उभे होते आणि उजव्या हाताच्या पेरांवर काही मोजत होते. पहिलं कडवं संपेपर्यंत मला कळलं नाही. मग कळलं. ते 'स' मोजत होते. आठव्या कडव्यापर्यंत एकही शीळ वाजली नाही. शेवटी सगळा मांडव एका सुरात 'सावधान' म्हणाला, अक्षता पडल्या, ताशा सुरू झाला, आणि मुलीच्या बापाने मूठभर अक्षता मुलीकडे पाठ करून मागल्या दाराच्या दिशेने टाकल्या. त्यातल्या बऱ्याच माझ्या डोक्यावर पडल्या. माझं लग्न तोवर झालं नव्हतं, म्हणून मी त्या झटकल्या नाहीत.

त्या दुपारच्या फोटोत विहीणबाई तोंड मिटून आहेत, आतोबांचे डोळे मिटलेले आहेत, आणि आत्या पदर खांद्यावर ठेवून, पिवळ्या दातासकट, खळखळून हसते आहे.

तीन आठवड्यांनी आतोबांनी निळी डबी उघडली. आत्या म्हणाली, "राहू दे. याच्यावर बेबीचं लग्न लागलंय."

"अगं पण हा साकव आहे! तीन आठवड्यांचा!"

"पाऊस येईल तेव्हा बघू."

महिनाभर वाद चालला. मग आतोबांनी डबी मिटून कपाटात ठेवली. पुढे दर वर्षी वैशाखात, लग्नाच्या तिथीला, ते आत्याला स्टुलासमोर बसवायचे, आरशाने दात तपासायचे, कधी नवं सिमेंट भरायचे, आणि दार लावून वहीत काहीतरी लिहायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "तुमचं काम नाही." पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, पोट सुटलं, आणि माझ्या दाढेवरचा आतोबांचा साकव एका बेसावध चकलीने वाहून नेला.

आतोबा गेले त्याला तीन वर्षं झाली. या वर्षी मे महिन्यात मी अलिबागेला गेलो, तेव्हा आत्याने दवाखाना आवरायला सांगितलं. कपाटात निळी मखमलीची डबी होती, आत पूल, अजून चकचकीत. त्याखाली वही. मी चाळत बसलो. बोंबील, भांडण, मास्तरांचं पत्र, माझा नाटकीपणा. पहिल्या साकवाच्या पानावर 'नापास. रंग' यावर एक आडवी रेघ मारली होती, आणि पुढे नवा रकाना, 'मंगलाष्टक'. त्यात पास-नापास काहीच लिहिलेलं नव्हतं. खाली एकाखाली एक तिथ्या, आणि प्रत्येक तिथीपुढे आतोबांच्या तिरप्या अक्षरात एकच शब्द. शाबूत. शाबूत. शाबूत. सात ओळी. त्याखाली आणखी तीन तिथ्या होत्या, आतोबा गेल्यानंतरच्या. शब्द तोच, पण अक्षर गोल, मोठं, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लिहिणाऱ्या हाताचं.

"काय वाचतोस रे एवढं?" आत्याने आतून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि वही मिटली. मिटण्याआधी दिसलं, की शेवटच्या शब्दाखाली पुढच्या वर्षासाठी तिने पट्टीने एक रेघ आखून ठेवली होती.